भुयारमास्तर

कुठंही भोक दिसलं की भुयारमास्तर आधी त्यात नाक घालायचे. मग कान लावायचे. डोळे सगळ्यांत शेवटी. "अंधारात डोळ्यांचा नंबर तिसरा," असं ते म्हणत. तळोद्याच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत आणि मी नुकताच गणिताला लागलो होतो. माझ्या लग्नाला कळसाडीला आले, तर पंगत सोडून जमिनीतलं धान्याचं पेव बघायला गेले. दोरीला कंदील बांधून आत सोडला, तो विझत नाही असं पाहून स्वतः उतरले आणि डोक्यात ज्वारीचा भुसा घेऊन वर आले. माझे वडील म्हणाले, "तुन्हा हाऊ मास्तर मागला जनममा घूस व्हता."

मास्तर होते दक्षिणेकडचे, कृष्णाकाठचे. घरी बायको-मूल नव्हतं. पगारातून फोटोच्या काचेच्या प्लेटा आणायच्या आणि रविवारी लाकडी कॅमेरा सायकलला बांधून निघायचं, एवढाच संसार. अहिराणी त्यांना अर्धीमुर्धी कळे, बोलता येत नसे. म्हणून मी बरोबर जायचो.

गावापासून दोन कोसांवर, सातपुड्याच्या पायथ्याशी, इंग्रजांच्या एका जुन्या पलटणीचं ठाणं पडलं होतं. वर नुसते दगड, पण खाली जमिनीत दारूगोळ्याचं कोठार शाबूत होतं. त्याच्या मागच्या भिंतीतून एक भुयार निघतं आणि थेट डोंगरात उघडतं, असं सगळे सांगत. आत कोणी गेलेलं नव्हतं. मास्तरांना ते ऐकून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आत फोटो कसा काढायचा, ही मोठी अडचण होती. मास्तरांनी न्हाव्याकडून तीन आरसे मागून आणले. एक पायऱ्यांच्या तोंडाशी उन्हात, दुसरा वळणावर, तिसरा आत, असे टेकवले. दुपारचं ऊन तीन उड्या मारून कोठारात उतरलं आणि समोरच्या भिंतीवर पडलं. मी तरी तसं ऊन पुन्हा पाहिलं नाही.

शेजारच्या पाड्यावरची रुमलीबाई आम्ही काय करतो ते रोज येऊन बघे. सत्तरीची असेल. पाड्यावर भिली बोले, आमच्याशी बाजारातली अहिराणी. तिच्या आज्याला पलटणीनं त्या कोठारात कोंडलं होतं. तो भुयारातून डोंगरात निसटला, परत आला नाही, असं तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत. ती मास्तरांना एकच विचारी, की ती वाट डोंगरात कुठं निघते.

तिसऱ्या रविवारी मास्तर भुयारात सरपटत गेले. मी बाहेर दोरी धरून होतो. अकरा हात दोरी गेली आणि थांबली. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले, कपाळ खरचटलेलं. पुढे सलग कातळ आहे, म्हणाले. माती ढासळलेली नाही, कोणी बुजवलेलं नाही. खणणाऱ्यांनीच तिथं काम सोडलं. त्यातून कधी कोणी गेलेलं नाही. आणि शेवटच्या हातभर कातळावर बारीक ओरखडे आहेत, टिकावाचे नव्हेत.

रुमलीबाई पायरीवर बसून होती. मास्तर मला म्हणाले, "सांगा त्यांना."

मी तिला सांगितलं, की वाट फार लांब जाते, मास्तरांची दोरी पुरली नाही.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. "गुरुजी, तुमच्या बोलण्यात दगड आलाच नाही," ते हळूच म्हणाले. "त्यांचा माणूस आहे तो. आपण कोण लपवणार?"

मला शरम वाटली. मी पुन्हा सांगितलं, या वेळी सगळं, ओरखड्यांसकट. सांगताना माझी नजर जमिनीवर होती.

तिनं आधी डोंगराकडे पाहिलं, नंतर पायऱ्यांखालच्या अंधाराकडे. मग म्हणाली, "मंग तो आठेच शे. आमी डोंगरकडे दखीसन धार टाकी ऱ्हायनूत." तो इथंच आहे, आणि हे लोक इतकी वर्षं डोंगराकडे बघून गेलेल्याच्या नावानं दारूची धार टाकत होते, असं मी मास्तरांना सांगितलं.

ती पाड्यावर जाऊन पळसाच्या पानाच्या द्रोणात मोहाची दारू घेऊन आली. आम्ही तिला हात धरून खाली उतरवलं. भुयाराच्या तोंडाशी बसून तिनं मास्तरांना खुणेनं सांगितलं, फोटो काढ. घरच्यांना दाखवायचा आहे. मास्तरांनी कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण काढलं. तेवढ्या उजेडात दहा मिनिटं तरी लागणार होती. म्हातारी दगडासारखी बसली. फक्त एकदा तिचा उजवा हात हलला, धार टाकायला. फोटोत तिचा चेहरा सुरकुतीन्‌सुरकुती स्पष्ट आहे आणि उजव्या हाताच्या जागी नुसता धूर.

मास्तरांनी एक प्रत तिला दिली, एक मला. पुढं इंग्रजांची मोठी लढाई सुरू झाली. फौजेच्या जागेचे फोटो कशाला काढता, म्हणून त्यांना चौकीत दोनदा बोलावणं आलं. थोड्याच दिवसांत त्यांची दूर बदली झाली. निघताना गाडी लागली तरी ते स्टेशनच्या पुलाखाली काहीतरी बघत होते. मी ओढून डब्यात बसवलं. दोन वर्षांनी त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं. मास्तर तापानं गेले होते.

कोणाला सांगावं ते मला सुचेना. शेवटी सायकल काढून पाड्यावर गेलो. रुमलीबाईही राहिली नव्हती. तिच्या लेकीनं मला ओळखलं, आणि मास्तर गेल्याचं ऐकून ती माझ्याबरोबर कोठारापर्यंत आली. पायऱ्या झाडलेल्या होत्या. तिनं आईच्या आज्यासाठी धार टाकली, आईसाठी टाकली, मग द्रोण तसाच धरून माझ्याकडे वळली.

"मास्तरनं नाव काय व्हतं?"

इतक्या वर्षांत मी त्यांना त्या नावानं एकदाही हाक मारली नव्हती. मी सांगितलं. तिला ते नीट म्हणता येईना, म्हणून दोनदा सांगितलं.