कोर्टाची लायब्ररी आणि आत्याचा रस्ता

दौंडच्या कोर्टात वकिलांची एक लायब्ररी होती. म्हणजे अजून आहे, पण तिला लायब्ररी म्हणायला आता माझी जीभ रेटत नाही. वकील मंडळी मोबाइलवर बोट फिरवतात, निवाडा हजर. कपाटांवर हेल्मेटं ठेवलेली असतात. परवा कामानिमित्त गेले, तर माझ्या खुर्चीवर बसून कोणीतरी डबा खात होतं. इतका राग आला! खुर्ची काय माझ्या बापाची होती थोडीच, पण आला.

कितीतरी वर्षं मी त्या कपाटांच्या मागं काढली. पुढं वकील वाचायचे, मागं माझा संसार. कायदा बदलला की छापील पट्ट्या यायच्या, त्या कापून जुन्या कलमावर चिकटवायच्या. फाटलेल्या खंडांना नवी पाठ लावायची. खळ मी स्वतः शिजवायचे, मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. तो वास साडीला बसायचा. एस.टी.त शेजारची बाई नाक मुरडायची. मुरडू दे! मला आवडायचा. आजही कुठं खळीचा वास आला की मी तिथंच थांबते.

कायदा काही शिकले नाही, बारावीवर गाडी थांबली. पण कुठला निवाडा कुठल्या खंडात, हे मला झोपेतून उठवून विचारावं. आणि पुस्तक मागितलं की वकिलाच्या डोक्यात काय शिजतंय, ते कळायचंच. म्हणून तर तिथल्या सगळ्यात ज्येष्ठ वकीलसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ताई, कोण काय वाचतंय हे दुसऱ्या बाजूला कळता कामा नये. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी नोकरी गेली समजा." मी ते पाळलं. नवरा खोदून खोदून विचारायचा, त्यालाही कधी दाद दिली नाही.

आणि मग माझ्या आत्याचीच केस त्या कोर्टात लागली.

आत्या कासुर्डीची. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. तिच्या शेवंतीच्या मळ्याकडं जाणारा गाडीरस्ता शेजाऱ्यानं चर खणून बंद केला. दुसरा रस्ता होता, पण ओढ्याला लांबचा वळसा घालून, आणि तिथून टेम्पो जात नव्हता. फुलं डोक्यावर वाहायची वेळ आली, म्हणून तिनं दावा लावला.

तारखेला आली की दुपारी माझ्या खिडकीशी बसायची. वांग्याला कीड लागली, म्हैस आटली, असलंच बोलायची. सोबत आलेला चुलतदीर तिला ढोसायचा, "अवो वैनी, भाची आत बसलीया, इचारा की, त्यांचा वकील काय काढतोय!"

"गप बसा वो भावजी. तिला काम करू द्या," ती म्हणायची. मला वाटायचं, भोळी आहे बिचारी, हिला यातलं काही कळत नाही.

एके दिवशी शेजाऱ्याच्या वकिलानं माझ्याकडं एक खंड मागितला. त्यातला निवाडा मला पाठ होता. दुसरा रस्ता असेल, मग तो कितीही गैरसोयीचा असो, तर नुसत्या अडचणीपोटी दुसऱ्याच्या रानातून रस्ता मागता येत नाही. आत्याच्या वकिलानं सगळा दावा अडचणीवरच उभा केला होता! यावर तोड होती. दावा दुरुस्त करून घ्यायचा, रस्त्याची जुनी वहिवाट दाखवायची, गावातले म्हातारे साक्षीला आणायचे. साक्षी अजून व्हायच्या होत्या. पण त्याला हे सुचायला नको?

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. खंड परत आला तेव्हा मी तो कपाटात लावलाच नाही. आत्याच्या वकिलाच्या रोजच्या जागेवर, अगदी नाकासमोर ठेवला, त्या पानात खुणेची कोरी चिठ्ठी घालून. तोंडानं बोलले नाही म्हणजे नियम मोडला नाही, अशी माझी मीच समजूत घातली. आत्याचे वकीलसाहेब आले. खंडाकडं बघितलं. त्यावर चहाचा कप ठेवला आणि पेपर वाचत बसले. चहा संपवून उठले, पुठ्ठ्यावर गोल डाग पाडून! माझ्या हातात खळीचा ब्रश होता. तोच फेकून मारावासा वाटला, देवाशप्पथ. "साहेब, उघडून बघा," एवढंच म्हणायचं होतं. ओठावर आलेलं मी गिळलं. डाग पुसला आणि खंड जागेवर लावला.

दावा फेटाळला गेला. आत्या रडली नाही. मला म्हणाली, "चल, भाकरी खाऊ."

त्यानंतर दोन वर्षं मी कासुर्डीला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? शेवटी दिवाळीत गेले, तर ती फुलांची पाटी डोक्यावर घेऊन ओढ्याकडनं निघालेली. दुसरी पाटी मी उचलली आणि तिच्या मागं चालू लागले. निम्म्यात आल्यावर राहवेना. खंड, चिठ्ठी, चहाचा कप, सगळं सांगून टाकलं.

ती थांबली नाही. म्हणाली, "मला ठावं हाय."

"ठाऊक होतं? कधीपासून?"

"तवाच. तू माझ्याकडं बघून बोलायची बंद झालीस, तवाच म्हनलं, हिला कायतरी कळलंय."

"मग विचारलं का नाहीस गं आत्या?"

"इचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

पाटीला दोन्ही हात लागलेले, त्यामुळं मला डोळे पुसता येईनात.