उंबरावरची लेकुरवाळी

घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या माझ्यासारख्याने लिहायला बसावे, याची क्षमा असावी. पण पिकल्या उंबरांचा वास आला की भोरकडच्या आत्याच्या गावचा, हिर्डोशीचा ओढा आठवतोच. तिथल्या वानरांच्या कळपात जुन्याला हुसकून नवा हुप्प्या आला होता. अंगावर पिणारे पिल्लू असेतो वानरीण माजावर येत नाही, म्हणून नवा नर अशी पिल्ले मारतो, असे आमच्या सरांनी शिकवले होते. मी ते सांगताच आत्या उंबरावरच्या लेकुरवाळीकडे बघत कडाडली, "आरं मुडद्या, मग तिला पळ म्हणून सांग की!" दुसऱ्या दिवशी वानरीण दिसेना. ती जुन्या हुप्प्यामागे गेली असणार, असे मी आत्याला छातीठोकपणे सांगून पुण्याला आलो. वर्षभराने भोरच्या एस्टीचा कंडक्टर स्वारगेटला मला बघून ओरडला, "आत्याबाईंचा निरोप हाय! वानरीण परत आली. पिल्लाचं दूध सुटलंय, आता उंबरं खातंय."