गंगीचा रंगीत चौक

दाभोशाच्या गंगीने आयुष्यभर एकाच रंगात लिहिलं: तांदळाच्या पिठाचा पांढरा. लग्नघरच्या भिंतीवर देवाचा चौक लिहायला तिलाच बोलावत. रेघा इतक्या बारीक आणि इतक्या जवळजवळ, की मोजायला बसलेला माणूस मध्येच चहा मागायचा. पिठाची वाटी धरायला बहिणीचा मुलगा, धनेश, असे.

पुढे धनेशने जव्हारला चित्रांचं दुकान टाकलं. गेल्या वर्षी त्याने अशाच एका जुन्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट टीव्हीवर लावून मोबाइलवर उतरवून घेतली. तिच्यात गंगीच्या रेघा हिरव्या-तांबड्या झळकत होत्या. आपला मूळ चौक रंगीतच होता, पांढरा ही गरिबीतली सोय, असं त्याने जाहीर केलं. शहरातल्या गिऱ्हाइकांना पटलं. मग पाड्यालाही पटलं.

गंगीच्या नातीचं, प्रतिक्षाचं, लग्न ठरलं, तेव्हा रंगीत चौकाची मागणी घरातूनच निघाली.

"मी कवा रंग घातला गो?" गंगी म्हणाली.

"विसरल्या असाल, आई," सून म्हणाली. "दिसतंय ना त्यात."

नातीचा चौक आपल्या हातचा व्हावा, एवढंच गंगीला हवं होतं. तिने कॅसेट घेऊन टीव्ही दुरुस्त करणाऱ्या लक्ष्याला गाठलं. लक्ष्याने सांगितलं ते असं: कॅसेटच्या यंत्रातून टीव्हीला जाणाऱ्या पिवळ्या तारेतून उजेड आणि रंग एकत्र येतात, टीव्ही त्यांना आत गाळून वेगळे करतो. रेघा फार बारीक असल्या की गाळणी फसते, उजेडालाच रंग समजते. त्याने गोल तोंडाची दुसरी तार लावली. तिच्यात दोन्ही पहिल्यापासून वेगळे चालतात. रेघा पांढऱ्या झाल्या.

तेच त्याने पाड्यावर सगळ्यांना दाखवलं. धनेशही आला होता.

"ह्या तारेनं रंग खाल्ला," म्हातारा कान्हा म्हणाला. माना हलल्या.

गंगी धनेशकडे वळली. "वाटी तुझ्या हातात होती. सांग, कसला रंग होता तिच्यात?"

"लहान होतो मी, मावशी. ध्यानात नाही."

वाटीतलं पीठ चाटलं म्हणून मावशीने धपाटा घातला होता, ही आठवण मात्र तो प्रत्येक मुलाखतीत सांगतो.

चौक धनेशने लिहिला, चार रंगांत, जाड ब्रशने. गंगी लग्नाला आली आणि भिंतीकडे पाठ करून बसली. पाहुणे तिच्यासोबत फोटो काढू लागले, तेव्हा मागचा चौक नीट यावा म्हणून धनेश म्हणाला, "मावशी, जरा डावीकडं."

ती सरकली.