बोरांच्या उतारावरची ऊब

रुनल्येनचं काम ड्रोन उडवायचं. खाण कंपनीने उकरून टाकलेल्या टेकड्यांवर पाइनची रोपं लावली होती. ती जगतायत की मरतायत, हे तिने वरून बघायचं. पान दिसायला हिरवं असलं तरी आतून सुकायला लागलं, की तिच्या कॅमेऱ्यात ते पिवळं उमटे, मग लाल.

आम्ही दोघी ल्यूवान गावच्या. खालचा कोळसा काढल्यावर गाव खचलं, घरांना भेगा पडल्या, आणि आम्हाला शहराकडच्या या इमारतींत आणून टाकलं. तिचे वडील, हू काका, माझ्या समोरच्याच दारात. पण त्यांचा जीव गावातच अडकलेला. बस पकडून ते सारखे वर जात. तिथे बोरांच्या उतारावर काकूंची कबर होती. लेकीचा ड्रोन डोक्यावरून गेला, की काका मूठ उगारून ओरडत, "चल हो पलीकडे, माशी मेली!"

त्या शरदात कॅमेऱ्याच्या टोकाला तो उतार आला, आणि बोरांमधून गेलेला लालभडक पट्टा रुनल्येनला दिसला. ती चढून गेली. जमिनीला हात लावला, तर कोमट. खाली उरलेला कोळसा धुमसत होता.

ती कंपनीच्या फान साहेबांकडे गेली.

"तो उतार आपल्या हद्दीत आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब, पण माणसं जातात तिथे."

"गाव रिकामं केलंय. रिकाम्या गावात कसली माणसं?"

तेवढा भाग त्यांनी चित्रातून कापायला लावला.

त्या संध्याकाळी मी राळ्याची पेज घेऊन समोर काकांकडे गेले होते. रुनल्येन वडिलांना समजावत होती, "बाबा, तिकडे जायचं नाही आता. जमिनीतून विषारी वायू येतो. त्याला वाससुद्धा नसतो."

"वास नाही, मग तुला कसा गं कळला?" काका हसले. मग हळूच म्हणाले, "तुझ्या आईचे पाय कायम गार. उन्हाळ्यातसुद्धा मोजे. आता तिला खालून ऊब मिळतेय, तर मिळू दे की."

"हसण्यावारी नेऊ नका, बाबा."

"बरं बाई, नाही जात."

पण ते जात राहिले. बाजारात चाललो म्हणून सांगत.

बर्फ पडून गेल्यावर किती रोपं तगली ते बघायला रुनल्येनने ड्रोन वर चढवला. सगळीकडे पांढरं, फक्त बोरांच्या उतारावर एक काळा पट्टा. त्यावर कबरीच्या दगडाला टेकून कोणीतरी बसलेलं. अंगातला निळा कोट तिनेच आणलेला होता. तिने ड्रोन खाली आणला, अगदी डोक्याजवळ घोंघावत ठेवला. मूठ उगारली गेली नाही.

ड्रोन बर्फात तसाच सोडून ती धावली. रोपांवरचे दोघे मजूर मागोमाग गेले. त्यांनी काकांना उचलून खाली आणलं.

काका वाचले. पण वायू डोक्यात गेला होता. इस्पितळातून आले ते लेकीला "ताई" म्हणू लागले, परक्या बाईला म्हणावं तसं. उताराला तारेचं कुंपण पडलं. फान साहेब सफरचंदांची टोपली घेऊन आले आणि म्हणाले, "जरा जोर लावून सांगायचं होतंस." रुनल्येनने टोपली घेतली, चहा केला. दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

पूर्वजांच्या सणाला काकूंची कबर तिथून हलवली. माती इतकी तापलेली, की फावडं थांबवून थांबवून चालवावं लागलं. अस्थींवर ऊन पडू नये म्हणून काळी छत्री धरायची असते. ती आम्ही काकांच्या हाती दिली.

"ताई, कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"माझी आई."

"अरेरे." ते तिच्याकडे बघत राहिले. मग छत्री अस्थींवरून काढून त्यांनी तिच्या डोक्यावर धरली. "केवढी घामेजलीस, पोरी."

रुनल्येनचे मामा ओरडले, "छत्री तिकडे धरा!"

"असू दे, मामा," रुनल्येन म्हणाली आणि वाकून लाल कापडात आईच्या अस्थी गोळा करत राहिली.