जगदेवीबाईंचं प्रमाण

नळदुर्गच्या जगदेवीबाईंना गुडघ्यांतलं डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं. निदान त्यांचं तसं ठाम मत होतं. डॉक्टर शिकले पाच-सहा वर्षं, बाईंचे गुडघे दुखत होते नऊ वर्षं. आता शहाणं कोण, हे काय सांगायला हवं?

बाई चाळीस वर्षं येसूर करून विकत होत्या. हायवेवरच्या निम्म्या ढाब्यांचा रस्सा त्यांच्याच मसाल्यावर उकळायचा. त्या येसराचं प्रमाण त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. सून श्रीदेवी चौदा वर्षं घरात, पण ती डाळ-धणे भाजण्यापुरती. सगळं एकत्र करायची वेळ आली की तिला नेमकं दुकानात पाठवलं जायचं.

पुढं गुडघे इतके झिजले की मांडी घालता येईना. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन, खाली बसून पूजा करायची हा बाईंचा लहानपणापासूनचा नेम. मुलानं, शिवप्रसादनं, प्लॅस्टिकची खुर्ची आणली.

"देवाम्होरं पाहुण्यावानी बसू व्हय?" म्हणत बाईंनी खुर्चीवर पापड वाळत घातले.

मग त्यांनी औषधाचंही प्रमाण जमवलं. दवाखान्यातली पांढरी गोळी एकटी अळणी वाटली, म्हणून जोडीला मेडिकलमधली गुलाबी. जळकोटच्या विहीणबाईंना गुण आला, म्हणून पिवळी. वरून एका फिरत्या वैदूची काळी पुडी, जिच्यात म्हणे नुसता झाडपाला होता. पंधराव्या दिवशी बाई मांडी घालून पूजेला बसल्या. त्यांना इतका आनंद झाला की गल्लीतल्या प्रत्येकीला त्यांनी ती मांडी बघायला बोलावलं. कशानं गुण आला, असं कुणी विचारलं की मात्र बाई नुसत्या हसायच्या.

दोन महिन्यांनी पाय सुजले, पोटात आग पडली, शौचाला काळी होऊ लागली. तरी प्रमाणात बदल नाही. शेवटी एका सकाळी पूजा करतानाच बाई कोसळल्या आणि सोलापूरच्या दवाखान्यात दाखल झाल्या.

"काय काय घेत होता, आजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुठं काय? एखादी गोळी."

तीनदा विचारलं, तीनदा हेच उत्तर. मग डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. "पोटात रक्तस्राव होतोय. किडनीवरही ताण आलाय. तुम्ही सांगितलं नाही, तर मी उपचार कशावर करू?"

आता मात्र बाई घाबरल्या. त्यांनी शिवप्रसादला बाहेर काढलं, श्रीदेवीला तर बाहेरून दार ओढून घ्यायला लावलं आणि कमरेची चंची पलंगावर रिकामी केली.

डॉक्टरीणबाईंनी पाकिटं उलटून वाचली. "या तिन्ही गोळ्या एकाच औषधाच्या आहेत, आजी. रंग आणि कंपनी तेवढी निराळी. या पुडीत बहुतेक स्टेरॉइड असणार. तपासायला पाठवते."

बाईंनी तिन्ही पाकिटं शेजारी शेजारी लावून बघितली. "म्हंजे मी नुसतं तिखटावर तिखट घालत हुते?"

दुसऱ्या बायकांच्या मसाल्याला त्यांनी जन्मभर याच शब्दांत नावं ठेवली होती. त्यांना रडू आलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं.

घरी आल्या त्या एक साधी गोळी, शेक, मांड्यांचा व्यायाम आणि खुर्चीत बसायची ताकीद एवढं घेऊन. दुसऱ्या दिवशी खुर्चीवरचे पापड निघाले. लिंग तळहातावर घेऊन बाई तिच्यावर बसल्या. लाज वाटली, तरी पूजा पुरी केली. मग सुनेला हाक मारली.

"श्रीदेवी, वही घिऊन ये. येसराचं प्रमाण सांगते."

श्रीदेवी सवयीनं पायांत चपला घालत होती. "दुकानातून काय आणू, आत्या?"