ओठ न लावता

मी पेगन लोकांच्या नादी लागले याला जबाबदार आमचं इथलं मराठी मंडळ. हे मी मुलाला अनेकदा सांगितलं, त्याला पटत नाही. पण तो बर्मिंगहॅमला राहतो आणि आयुष्यात कधी हळदीकुंकवाला गेलेला नाही, त्याला काय कळणार?

नवरा गेल्यानंतरची ती पहिली संक्रांत. हॉलमध्ये आम्ही पंचवीस-तीस बायका गोल करून बसलो होतो. मला आवर्जून बोलावलं होतं. "हल्ली आम्ही असलं काही मानत नाही हं," असं फोनवर दोनदा सांगूनही झालं होतं. एक बाई कुंकवाची कोयरी घेऊन एकेकीला कुंकू लावत येत होती. ती माझ्यापाशी आली आणि नेमका तेव्हाच तिला फोन बघावासा वाटला. फोन बघत बघत ती माझ्या पलीकडच्या बाईपाशी पोहोचली. नंतर मला तिळगुळाचे दोन लाडू जास्त मिळाले, ते नुकसानभरपाईचे असावेत. घराजवळच्या पिनर स्टेशनला उतरल्यावर ते मी कबुतरांना घातले. कबुतरांनीही थोडं खाऊन सोडून दिले.

मला रडू आलं नाही, राग आला. तीस वर्षं त्याच मंडळाच्या भाज्या चिरल्या होत्या. रागाच्या भरात मी ठरवलं, की जिथे गोलात बसल्यावर आपला नंबर येतो अशी माणसं आता शोधायची. देव माझ्याकडे भरपूर होते, देव्हाऱ्यात मावत नव्हते. माणसं नव्हती.

मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. शाळा सुटल्यावर लायब्ररीत जायची सवय आहे. तिथल्या नोटीस बोर्डावर योगा क्लास आणि हरवलेलं मांजर यांच्यामध्ये एक कागद लावलेला होता. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पबच्या वरच्या मजल्यावर पेगन लोकांची बैठक, सर्वांचं स्वागत, पेगन असा, नसा किंवा नुसतेच उत्सुक असा. मी घरी येऊन पेगन म्हणजे काय ते कम्प्युटरवर बघितलं. सूर्याला नमस्कार, चंद्राला नमस्कार, झाडांना, नद्यांना, धरणीला नमस्कार आणि वर्षातून आठ सण. म्हटलं, ही तर आपलीच माणसं, फक्त गोरी.

मंगळवारी पबचा जिना चढले. वर काळे झगे, कवट्या आणि धूर असणार अशी माझी खात्री होती. वर अकरा माणसं पार्किंगवर भांडत होती. मुख्य बाई म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. अंगात कार्डिगन, गळ्यात चांदीची चंद्रकोर, हातात अजेंडा. शेजारी बेंबीपर्यंत दाढी असलेला एक प्लंबर. विषय पहिला, कौन्सिलने रानात आग पेटवायला परवानगी नाकारली. विषय दुसरा, मागच्या सणाला आणलेली एक्स्टेन्शन केबल कोणाकडे आहे. विषय तिसरा, दोन सभासद एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत, तर त्यांना एका वर्तुळात उभं कसं करायचं. दहा मिनिटांत मला माहेरी आल्यासारखं वाटायला लागलं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात त्यात काही खोटं नाही.

ओळख करून देताना मी सांगितलं की नवरा गेलाय. कोणी मान तिरकी केली नाही, आवाज मऊ केला नाही. प्लंबरने विचारलं, "त्यांना झाडं आवडायची का?"

मी म्हटलं, "नाही, क्रिकेट आवडायचं."

त्याने जरा विचार केला. म्हणाला, "तेही उघड्यावरच असतं म्हणा."

मला तो तिथेच आवडला.

मुलाचा फोन आला. तो इथेच जन्मला, वाढला. त्याचं मराठी प्रेमळ आहे पण त्यात कोण बाई आणि कोण बुवा याचा हिशेब नसतो. "आई, तू कल्ट जॉइन केला? सीरियसली? ते लोक कपडे काढून नाचतात."

"फेब्रुवारीत?" मी विचारलं.

त्याने कपड्यांचा विषय सोडला. मग म्हणाला, "तुझा तब्येत ओके आहे ना?"

"माझा तब्येत ठणठणीत आहे," मी म्हटलं.

माझा पहिला सण त्याच आठवड्यात, फेब्रुवारीच्या सुरुवातीला आला. त्यांच्या हिशेबाने तो वसंताच्या आगमनाचा. त्या दिवशी गारा पडल्या. रानातल्या मोकळ्या जागेत पिकनिकचं घडीचं टेबल मांडून त्यावर देव, फुलं, पाण्याचा वाडगा आणि कौन्सिलच्या कृपेने बॅटरीवर चालणाऱ्या मेणबत्त्या. मी सवयीने बूट काढले, मोजे काढले आणि चिखलात उभी राहिले. पूजेच्या जागी चपला घालून जायचं नाही, हे हाडात भिनलेलं. भूगोलाच्या बाई माझ्या पायांकडे बघून भारावल्या. धरणीशी थेट नातं, असं काहीसं पुटपुटल्या. माझं धरणीशी नातं पाचव्या मिनिटाला तुटलं, कारण बोटंच जाणवेनात. पण तोवर आणखी तिघांनी बूट काढले होते, मग मी कोणत्या तोंडाने परत घालणार?

बाकी सगळं ओळखीचं. चार दिशांना आवाहन झालं, फिरायचं ते प्रदक्षिणेच्याच दिशेने. मी मनातून खूश होते. आणि मग पेला आला.

चांगला मोठा, रुंद तोंडाचा, नक्षीचा पेला. त्यात मीड, म्हणजे मधाची दारू. प्रत्येकाने एक घोट घ्यायचा आणि "तुला कधी तहान न लागो" असं म्हणून डावीकडच्याला द्यायचा. गोल फिरत फिरत पेला माझ्याकडे येत होता. मला कोणी वगळणार नव्हतं. मी ज्याच्यासाठी इथवर आले ते समोरून चालत येत होतं, आणि मी मोजत होते ती तोंडं. सात माणसं. सात जणांचे ओठ. सातवा माझ्या उजव्या हाताचा प्लंबर, त्याची अख्खी दाढी पेल्यात बुडून बाहेर आली.

"तुला कधी तहान न लागो," तो म्हणाला आणि पेला माझ्या हातात दिला.

यापुढचा विचार मी केला नाही, हाताने केला. शाळेच्या नळापासून ट्रेकच्या बाटलीपर्यंत आयुष्यभर जे केलं तेच. मान मागे टाकली, पेला वीतभर उंच धरला आणि ओठ न लावता वरून ओतलं. बाटलीचं तोंड लहान असतं हे तेव्हा सुचलं नाही. पावशेर मीड नाकात, डोळ्यांत आणि कोटाच्या आत गेलं. मला जो ठसका लागला तो थांबेपर्यंत चारही दिशा ताटकळल्या.

कोणी हसलं नाही, हेच वाईट झालं. सगळे आदराने बघत राहिले. नंतर चहा पिताना भूगोलाच्या बाईंनी हळुवारपणे विचारलं, की तो विधी कोणत्या परंपरेतला? मी खरं सांगायला हवं होतं, की बाई, मला तुमच्या सात जणांची लाळ नको होती. त्याऐवजी मी म्हणाले, आमच्याकडे आपलं उष्टं दुसऱ्याला देत नाहीत, समोरच्याच्या मानासाठी भांड्याला ओठ लावत नाहीत. बाईंचे डोळे पाणावले. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मार्चमधल्या सणाला टेबलाच्या कोपऱ्यावर एक स्टीलचा पेला ठेवलेला दिसला. कडेला हिरवी रिबीन बांधलेली. बाई त्यासाठी दोन बस बदलून ईलिंगच्या भारतीय दुकानात गेल्या होत्या. "खास तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या.

मोठा पेला फिरायला लागला. प्लंबरने घोट घेतला, माझ्या नाकासमोरून हात लांब केला आणि पलीकडच्या मुलीला म्हणाला, "तुला कधी तहान न लागो." सगळ्यांचं झाल्यावर मला माझा पेला मिळाला. स्वच्छ, घासलेला, एकटीचा. पहिला घोट घेताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तहानेचं वाक्य मात्र कोणी म्हटलं नाही. एका माणसाच्या पेल्याला ते कोण म्हणणार?

तो पेला मला घरी न्यायला दिला. घरी आल्यावर मी तो धुतला आणि माझ्या कपांच्या रांगेत ठेवायच्या ऐवजी कसा कोण जाणे खिडकीत पालथा घातला.

आणि तिथेच उभी राहिले. आमच्या पुण्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असाच एक कप पालथा असायचा. कान तुटलेला. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा. त्या मागच्या दारात बसून चहा प्यायच्या, स्वतःचा कप स्वतः धुवायच्या आणि पुन्हा खिडकीत ठेवायच्या. आमच्या सगळ्यांच्या कपबश्या त्या घासायच्या, त्यांचा कप आमच्यापैकी कोणी कधी उचलला नाही. आई त्यांच्या चहात साखर जास्त घालायची, त्यामुळे आम्ही स्वतःला फार चांगले समजत होतो. इतकी वर्षं मला तो कप एकदाही आठवला नव्हता. मला लाज वाटली. कुंकवाच्या कोयरीवर मी जो एवढा थयथयाट केला होता, तोही जरा खाली बसला.

दुसऱ्या दिवशी मी भूगोलाच्या बाईंना फोन केला. म्हटलं, मला सगळ्यांबरोबर मोठ्या पेल्यातूनच प्यायचंय. बाई ऐकेनात. "नाही नाही, तुमच्या परंपरेचा मान राखणं हे आमचं काम आहे," त्या म्हणाल्या. शिवाय तो विषय बैठकीत घेऊन ठराव झाला होता. या ग्रूपमध्ये एकमताने पास झालेला तो पहिलाच ठराव. एक्स्टेन्शन केबलवर अजून मतभेद होते, माझ्या पेल्यावर एकाचाही नव्हता. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. हट्टी माणसांशी मी भांडू शकते, चांगुलपणाशी कसं भांडायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मग नको ना जाऊ, आई. मंडळ आहे की."

हे ऐकल्यावर मात्र मी जायचंच ठरवलं.

मेच्या पहिल्या दिवशी चक्क ऊन पडलं. रानात निळी फुलं आली होती, माणसंही दुप्पट. मी बूट घालूनच उभी राहिले. उजवीकडे प्लंबर, डावीकडे भूगोलाच्या बाई. माझा स्टीलचा पेला बाईंनी माझ्याकडून मागून घेऊन टेबलावर नव्या रिबिनीत सजवलेला. मोठा पेला निघाला. या वेळी मी तोंडं मोजली नाहीत, तरी नऊपर्यंत आपोआप मोजली गेली. नवऱ्याने सोडलेला अर्धा कप चहा वगळला तर मी आयुष्यात कोणाचं उष्टं प्यायले नव्हते.

प्लंबरने घोट घेतला. दाढी निथळली. त्याने माझ्यासमोरून हात लांब केला, तेव्हा मी दोन्ही हातांनी पेला धरला.

"तुमचा पेला तिकडे आहे," तो हळूच म्हणाला.

"असू दे," मी म्हटलं. "मला हा हवाय. तुम्ही काय म्हणता ते म्हणा."

त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी बहुधा मनात ठराव आठवला. पेला आम्हा दोघांच्या हातात आणि सगळं वर्तुळ थांबलेलं. शेवटी त्याने हात सोडला.

"तुला कधी तहान न लागो," तो मला म्हणाला.

आत बिस्किटाचा चुरा तरंगत होता आणि एक पांढरा केस, तो कोणाचा हे सांगायला ज्योतिषी नको. मी डोळे मिटले, काठाला ओठ लावले आणि प्यायले. गोड होतं. ऊन लागून कोमट झालं होतं. मग मी तेच वाक्य म्हणून पेला बाईंना दिला.

आता त्या काठ पुसतील, पेला जरा फिरवतील, एवढं तरी करतील असं मला वाटलं होतं. माझी लिपस्टिक काठावर स्पष्ट दिसत होती. बाईंनी ती पाहिली आणि बरोबर तिथेच ओठ टेकून सावकाश एक घोट घेतला. माझं उष्टं. मग पेला पुढे दिला.

संक्रांतीला न आलेलं रडू मला तेव्हा आलं. प्लंबरने पाठीवर थोपटत विचारलं, "पुन्हा नाकात गेलं का?"

मी म्हटलं, हो.