फर्स्ट इयरचे चिक्कप्पा

आमच्या चिक्कप्पांनी इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायची जेवढी तयारी केली, तेवढ्या तयारीत एखाद्या नदीवर पूल बांधून झाला असता आणि त्याचं उद्घाटनही उरकलं असतं. चिक्कप्पा म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे. घरात मराठी टिकली, पण काका केव्हाच चिक्कप्पा झाले आणि काकू चिक्कम्मा. नव्वदीच्या दशकातल्या त्या वर्षी बनशंकरीच्या आमच्या घरातून दोघेजण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जाणार होते. एक मी, नुकताच पीयूसी, म्हणजे बारावी, पास झालेला. दुसरे चिक्कप्पा, वय चव्वेचाळीस, कारखान्यात फोरमन, टक्कल चकचकीत, मिशी झुबकेदार. डिप्लोमा झालेल्या नोकरदारांना संध्याकाळच्या कॉलेजात इंजिनिअरिंगची डिग्री करता येते हे त्यांना कोणीतरी सांगितलं आणि आमच्या घराची झोप उडाली. माझ्याही आयुष्यात तेव्हा काहीतरी घडत होतं, पण त्याकडे बघायला कोणाला सवडच नव्हती.

कुठलीही गोष्ट थेट करायची नाही, आधी तालीम करायची, हा त्यांचा जुना स्वभाव. स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ते मंडपात जाऊन पाटावर बसून आले होते, होमाचा धूर कोणाच्या डोळ्यांत जातो ते बघायला. तेव्हा कॉलेज सुरू व्हायला महिना असतानाच ते कारखाना सुटला की दोन बस बदलून कॉलेजच्या फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे, यात नवल नव्हतं. नवल होतं ते खांद्यावरच्या रिकाम्या पिशवीचं.

"ही कशाला?" मी विचारलं.

"उद्या पुस्तकं येतील. खांद्याला सवय नको?"

"पण ती रिकामीच आहे की!"

"आज रिकामी. उद्यापासून स्वल्प स्वल्प भरायची."

दुसऱ्या दिवशी चिक्कम्मांना तूरडाळीचा डबा सापडेना. आठवडाभरात तांदूळही प्रवासाला निघाले. ते परत येईपर्यंत चिक्कम्मा स्वयंपाक थांबवून दारात उभ्या राहायच्या.

सगळी अडचण होती ती त्यांच्या चेहऱ्याची. देवाने तो चेहरा एखाद्या मोठ्या साहेबासाठी घडवला असावा आणि ऐन वेळी आमच्याकडे पाठवला असावा. बसमध्ये ते चढले की कंडक्टर हातातली सिगारेट टाकून द्यायचा. प्रवेशाचा फॉर्म आणायला ते पहिल्यांदा कॉलेजच्या आत गेले तेव्हा वॉचमनने सलाम ठोकला, शिपायाने पंखा लावला, क्लार्कने स्वतःची खुर्ची दिली. वरून कोणीतरी तपासणीला आलंय अशी सगळ्यांची खात्री झाली. बाहेर फॉर्मसाठी रांग लागलेली आणि आत हे कॉफी पीत बसलेले. क्लार्क हात जोडून म्हणाला, "सार, सगळं व्यवस्थित आहे ना?" हे घाईने उठले. "सरी," म्हणजे बरं, "छान आहे," एवढं म्हणून फॉर्म न घेताच ते घरी परतले. शेवटी तो फॉर्म मी जाऊन आणला.

माझ्या ड्रॉइंग बोर्डाबरोबर त्यांनी स्वतःचाही बोर्ड आणला आणि 'हात बसायला पाहिजे' म्हणून घरातली एकेक वस्तू समोरून, बाजूने आणि वरून काढायला घेतली. कुकर झाला, मिक्सर झाला, माझे वडील पेपर वाचताना झाले. कुकरचं चित्र त्यांनी मोठ्या अभिमानाने बायकोपुढे धरलं. "बघ, हा वरून असा दिसतो."

"मला रोज वरूनच दिसतो," चिक्कम्मा म्हणाल्या. "आतून कोण बघणार? तो घासायचाय."

पण त्यांनी सर्वांत मन लावून तयारी केली ती रॅगिंगची. सीनियर मुलं पहिल्या वर्षाच्या मुलांना छळतात, गाणी म्हणायला लावतात, हे मी कुठेतरी ऐकलेलं त्यांना सांगून बसलो आणि माझ्यामागे भुंगा लागला. मान खाली घालून सीनियरच्या शर्टाच्या तिसऱ्या गुंडीकडेच बघायचं, हे कळल्यावर त्यांनी माझ्या वडिलांना समोर उभं करून सराव केला. वडील बनियनवर होते, त्यामुळे तिसरी गुंडी कुठे असेल यावर दोघा भावांचं बराच वेळ भांडण झालं. फर्स्ट इयरला मिशी चालत नाही असंही मी म्हणालो होतो, अगदी गमतीने. दुसऱ्या दिवशी सकाळी मिशी गायब! इतकी वर्षं फोरमन दिसणारा माणूस एका रात्रीत इन्कम टॅक्सवाला दिसायला लागला. दूधवाल्याने त्या दिवशी न सांगता माप पुरं घातलं.

आम्ही हसून हसून बेजार व्हायचो आणि त्यांनाही ते आवडायचं. एका संध्याकाळी मात्र गच्चीवर माझ्याकडून इंटिग्रेशन शिकता शिकता त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मला प्रमोशन नकोय रे," ते म्हणाले. "तुझे आजोबा गेले आणि मी डिप्लोमा करून लगेच कारखान्यात चिकटलो. विशीत होतो तेव्हा माझ्या हाताखाली मिशा पिकलेली माणसं होती. ती मला सार म्हणायची. तेव्हापासून जो तो सारच म्हणतोय. मला एकदा, नुसतं एकदा, कॉलेजातला मुलगा व्हायचंय. छळू देत की! मुलगा समजतील तरच छळतील ना?"

माझा स्वतःचा आनंदही त्या क्षणी मला त्यांच्या आनंदापुढे लहान वाटला.

कॉलेजचा पहिला दिवस उजाडला. चिक्कम्मांनी दोघांना ओवाळलं, दोघांच्या हातावर दही ठेवलं. माझा दिवस छान गेला, तो कोणी विचारला नाही. सगळे रात्री चिक्कप्पांची वाट बघत बसले होते. ते आले, पिशवी खुंटीला लावली आणि जेवायला बसले. हळूहळू कळलं ते असं. ते वर्गात शिरले आणि सगळा वर्ग उठून उभा राहिला, "गुड इव्हनिंग, सार!" कोण आलं म्हणून यांनी मागे वळून पाहिलं, तर मागे कोणीच नव्हतं. खरे प्राध्यापक आले ते यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. हजेरी घेताना त्यांच्या तोंडूनही यांच्या नावापुढे 'सार' निघून गेलं आणि यांनी "येस, सार" म्हटलं. वर्ग हसला, पण तेही अदबीने. पुढचे कितीतरी दिवस असेच गेले. कोणी यांच्या शेजारी बसेना, कोणी डब्यात हात घालेना. छळ तर लांबच राहिला. दिवसभर राबून आलेल्या त्या मुलांच्या अंगात कोणाला छळायचं त्राणच नव्हतं.

"सोडतो," एका रविवारी ते म्हणाले. "उगाच त्या पोरांना अवघडल्यासारखं होतं." त्यांनी मिशीही परत वाढवायला घेतली, तेव्हा आम्ही घाबरलो.

सोमवारी ते नेहमीपेक्षा उशिरा आले. घामाने निथळत होते, शर्टाला धूळ, कोपर खरचटलेलं, आणि चेहरा असा की चिक्कम्मा आधी घाबरल्या आणि मग हसायलाच लागल्या.

"मला 'एनो' म्हणाला!" ते दारातूनच ओरडले.

कानडीत 'एनो' म्हणजे 'काय रे'. बरोबरीच्या नाहीतर धाकट्या माणसालाच म्हणतात, फोरमनला कोणी म्हणत नाही. झालं होतं असं, की वर्ग सुटता सुटता करंट गेला. काळ्याकुट्ट व्हरांड्यात सेकंड इयरची काही मुलं बाकं हलवत होती. त्यांतला एकजण अंधारात यांच्यावर आदळला आणि खेकसला, "एनो, फर्स्ट इयरा? नुसता उभा काय राहिलास? बेंच हिडियो!" बेंच धर! चिक्कप्पांनी पिशवी टाकली आणि बेंच धरलं. आवाजावरून वय ओळखेल म्हणून ते तोंडातून हूं की चूं काढेनात. दोन बाकं जिन्यावरून वर गेली. तिसरं अर्ध्या जिन्यात असताना दिवे आले.

मुलाने यांच्याकडे बघितलं आणि त्याच्या हातातून बेंच सुटायची वेळ आली. "अय्यो! सॉरी, सार!"

"सार अल्ला," चिक्कप्पा म्हणाले. सार नाही. "फर्स्ट इयर."

मुलगा क्षणभर त्यांच्या टकलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सरी. हागाद्रे आ कडे हिडी." बरं, मग त्या बाजूने धर.

हे सांगताना चिक्कप्पा बेंच धरल्यासारखे हात करून उभे होते. "दिवे लागले होते रे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "लख्ख दिवे लागले होते, तरी धर म्हणाला." त्या रात्री ते दोनदा जेवले.

कॉलेज त्यांनी सोडलं नाही. डिग्रीही मिळाली, मागेपुढे होत. आता ते बरेच थकले आहेत. परवा बनशंकरीच्या बसमध्ये एका कॉलेजच्या मुलाने 'ताता', म्हणजे आजोबा, म्हणत त्यांना उठून जागा दिली. मी बरोबर होतो. ते बसले आणि त्यांनी त्याला आशीर्वाद दिला. मग मला म्हणाले, "तो बेंचवाला कुठे असेल रे आता?"

"असेल कुठेतरी मोठा इंजिनिअर."

"हो," चिक्कप्पा म्हणाले. "त्यालाही सगळे सारच म्हणत असतील. बिचारा."